सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या मुलांचे त्वचाविकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अपवादाचे आणि गुंतागुंतीचे नंतर. मूल आत्ता तापाने फणफणलं असेल आणि अंगावर पुरळ असेल, तर बाकी सगळं सोडून थेट प्रश्न १९ वाचा.

१. सावळ्या किंवा काळ्या मुलांचे त्वचेचे आजार वेगळे असतात का?

आजार बहुतेक तेच. इसब, खरूज, गजकर्ण, गोवर, कांजिण्या कुठल्याही रंगाच्या मुलाला होतात. फरक पडतो तो दिसण्यात आणि मागे उरणाऱ्या डागांत. मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. गडद त्वचेत या पेशी जास्त रंग बनवतात, रंगाचे कण मोठे असतात आणि सुटे सुटे पसरतात. त्वचेचा दाह झाला की याच पेशी बिथरतात. कधी त्या भरमसाट रंग बनवतात, कधी कामच थांबवतात. म्हणून अगदी किरकोळ पुळीही गडद त्वचेवर काळसर किंवा फिकट खूण ठेवून जाते.

२. डॉक्टरांच्या कागदावर 'त्वचा प्रकार ५' लिहिलं आहे. हा काही आजार आहे का?

नाही. ही फिट्झपॅट्रिक वर्गवारी. थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांनी ती १९७५ साली मांडली. उन्हात त्वचा भाजते की काळवंडते, यावर ती बेतलेली आहे. सुरुवातीला तिच्यात गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते, प्रकार ५ आणि ६ नंतर जोडले गेले. प्रकाश-उपचाराची मात्रा ठरवायला ती उपयोगी पडते. मुलाला काय झालं आहे, हे तिच्यावरून कळत नाही.

३. माहितीपत्रकात सगळीकडे 'लाल चट्टे' असं असतं. माझ्या मुलीच्या अंगावर लाल काहीच दिसत नाही, पण ती सतत खाजवते. मी काय बघू?

लाली शोधत बसू नका. दाह झाला की रक्तवाहिन्या फुगतात, पण ती लाली मेलॅनिनखाली झाकली जाते. सावळ्या त्वचेवर ती तांबूस-तपकिरी दिसते. आणखी गडद त्वचेवर जांभळट, राखाडी, किंवा नुसतीच आजूबाजूपेक्षा काळी. तुलना पत्रकातल्या फोटोशी करू नका, मुलीच्या स्वतःच्या त्वचेशी करा. डावा हात उजव्याशेजारी ठेवा, दुखरी जागा चांगल्या जागेशेजारी बघा.

त्यानंतर बोटं वापरा, इथे ती डोळ्यांपेक्षा भरवशाची. पालथा हात फिरवला की ऊब कळते, बोटांच्या टोकांना खरखर, उंचवटा, ताणलेपणा लागतो. अंगावर पित्त उठतं तेव्हा गांधी पुष्कळदा त्वचेच्याच रंगाच्या असतात. समोरून दिसत नाहीत, पण बाजूने तिरका उजेड पाडला की लगेच उठून दिसतात. तपासणी दिवसाउजेडी खिडकीजवळ करा. पिवळ्या दिव्याखाली जांभळी छटा ओळखणं अशक्य आहे.

आणखी एक. इसबाची तीव्रता मोजण्याच्या प्रचलित पद्धतींत लालीला वेगळे गुण असतात. लालीच दिसली नाही तर मुलाचा आजार कागदावर आहे त्यापेक्षा सौम्य ठरतो, आणि उपचारही तसेच मिळमिळीत मिळतात. म्हणून डॉक्टरांना रात्री झोप किती मोडते, चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात का, हे आपणहून सांगा.

४. मुलाच्या पोटापाठीवर बारीक पुळ्या आहेत, हात फिरवला की अंगावर काटा आल्यासारखं लागतं. डॉक्टर इसब म्हणतात. इसब कोपराच्या आतल्या बाजूला होतो ना?

तिथेही होतो. पण गडद त्वचेच्या मुलांत तो केसांच्या मुळांभोवती बारीक उंचवट्यांच्या रूपात, पोटावर, पाठीवर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूंना बऱ्याचदा दिसतो. खाजवून खाजवून त्वचा जाड, राखाडी होते, तिच्यावरच्या रेषा खोल होतात. सपाट लाल चट्टा नाही म्हणून इसब नाही, असा निष्कर्ष काढू नये.

रोजची काळजी कंटाळवाणी आहे, पण निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, सौम्य आणि बिनवासाचा साबण, अंग टिपून ओलसर असतानाच घट्ट मॉइश्चरायझर. पातळ, सुवासिक लोशनपेक्षा साधी पेट्रोलियम जेली बरी. बरं वाटलं म्हणून मॉइश्चरायझर थांबवू नका.

दिसायला जवळचे दोन प्रकार आहेत. दंडाच्या मागे आणि मांड्यांवर वर्षानुवर्षं असलेले खरखरीत, न खाजणारे दाणे म्हणजे केराटोसिस पिलॅरिस. टाचणीच्या डोक्याएवढे, चकचकीत, सहसा न खाजणारे दाणे म्हणजे लायकेन निटिडस. दोन्ही निरुपद्रवी. मात्र इसबावर अचानक एकसारख्या आकाराचे, दुखणारे, खड्डे पडल्यासारखे फोड उठले आणि ताप आला, तर ती हर्पिस या विषाणूची लागण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

५. स्टिरॉइडचं मलम लावलं की त्वचा पांढरी पडते म्हणे. म्हणून आम्ही लावतच नाही. बरोबर आहे ना?

नाही. इसब ओसरल्यावर दिसणारा फिकटपणा बहुतेक वेळा इसबाचाच असतो, मलमाचा नाही. मलम लावल्यानंतर तो दिसू लागतो, म्हणून दोष मलमावर जातो. उलट दाह जितका लांबेल तितके डाग गडद होतात. डागांची भीती असेल तर इसब लवकर आटोक्यात आणणं हाच त्यावरचा उपाय.

भीती अगदीच निराधारही नाही. तीव्र स्टिरॉइड महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते, रंगही उतरतो. चेहरा, पापण्या, जांघा इथे सौम्य मलमच वापरावं. किती लावायचं याचं माप सोपं आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. बोटांसकट मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते.

स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र केलेली मलमं मात्र स्वतःहून आणून लावू नका. गजकर्णावर ती लावली की खाज थांबते, कडा पुसट होतात आणि बुरशी आत निवांत पसरते. मग डॉक्टरांनाही आजार ओळखू येत नाही.

६. पुरळ गेलं, काळे डाग राहिले. जातील का?

बहुतेक जातात, पण पालकांना वाटतं त्यापेक्षा फार हळू. रंग त्वचेच्या वरच्या थरात साठला असेल तर काही महिने. तो खाली झिरपून डाग निळसर-राखाडी दिसत असेल तर वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. कीटकांच्या चाव्यांचे पायांवरचे डाग याच जातीचे.

आजार अजून जिवंत आहे की नुसती खूण उरली आहे, हे आधी ठरवा. डोळे मिटून बोट फिरवा. सपाट, मऊ, न खाजणारा डाग ही खूण, तिला मलमाची गरज नाही. खरखर किंवा उंचवटा लागला, खाज असली, तर आजार शिल्लक आहे आणि उपचार थांबवायची वेळ आलेली नाही. ही एक चाचणी जमली तर औषधांच्या बऱ्याच ट्यूबा वाचतील.

डागावर काय लावायचं? लहान मुलांना सहसा काहीच नाही. घासणं, झोंबणारे लेप, रंग उतरवणारी क्रीम यांनी नवा दाह होतो, आणि नव्या दाहाचा नवा डाग. उन्हापासून जपा (प्रश्न १४) आणि थांबा.

७. गालांवर पांढुरके चट्टे आलेत. कॅल्शियम कमी आहे की जंत झालेत?

दोन्ही नाही. हा समज इतका पक्का आहे की डॉक्टरांकडे येण्याआधीच मुलाला जंताचं औषध देऊन झालेलं असतं. साधारण ३ ते १६ वर्षांच्या मुलांत गालांवर, कधी दंडांवर येणारे, पुसट कडांचे, किंचित पापुद्रे सुटणारे फिकट चट्टे म्हणजे पिटिरियासिस अल्बा, इसबाचाच एक सौम्य अवतार. उन्हाने आजूबाजूची त्वचा काळवंडली की ते जास्त उठून दिसतात. मॉइश्चरायझर लावा, खाज असेल तर डॉक्टर सौम्य मलम देतील. रंग परतायला महिने लागतात. मान, छाती, पाठ इथे फिकट ठिपके एकमेकांत मिसळत असतील आणि नखाने खरवडल्यावर कोंडा निघत असेल, तर ती शिबं. ती बुरशीची असतात आणि त्यांचा उपचार वेगळा.

८. मग कोड आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

पिटिरियासिस अल्बात रंग कमी झालेला असतो, कोडात तो पूर्ण गेलेला असतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा, स्पष्ट कडांचा, गुळगुळीत. त्यावर पापुद्रा नसतो, कधी त्यावरचे केसही पांढरे होतात. ओठ, डोळे, बोटं, गुडघे, गुप्तांग या त्याच्या आवडत्या जागा. अंधाऱ्या खोलीत वूड्स दिव्याखाली (अतिनील प्रकाशाचा छोटा दिवा) तो निळसर-पांढरा चमकतो, त्यामुळे निदान बहुधा काही मिनिटांत होतं.

कोड संसर्गजन्य नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते म्हणून तो होतो, आणि ती कधी थायरॉइड ग्रंथीवरही उलटते, म्हणून डॉक्टर थायरॉइडची तपासणी सांगतात. मुलांत शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा येणारा प्रकारही दिसतो. तो झपाट्याने पसरून बहुधा थांबतो. स्टिरॉइडचं किंवा टॅक्रोलिमसचं (स्टिरॉइड नसलेलं दाहशामक) मलम आणि नॅरोबँड यूव्हीबी (ठरावीक अतिनील किरणांचा) प्रकाश-उपचार हे नेहमीचे मार्ग. १२ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी रुक्सोलिटिनिब या औषधाच्या क्रीमला अमेरिकेत २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली. चेहऱ्यावरचा रंग लवकर परततो, बोटांच्या टोकांवरचा फार चिवट. लवकर सुरुवात केली तर फायदा जास्त.

अपवाद महत्त्वाचा : फिकट चट्टा खाजत नाही, कोरडा पडला आहे, तिथे घाम येत नाही आणि स्पर्श किंवा गरम-गार नीट कळत नाही, असं असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. योग्य गोळ्यांच्या कोर्सने तो पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र नसांचं नुकसान भरून येत नाही.

९. मानेचा काळेपणा कितीही घासला तरी जात नाही. मुलगी स्वच्छ राहत नाही का?

घासणं आजच थांबवा, आणि तिला बोल लावणंही. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाडसर, काळपट होणारी त्वचा म्हणजे अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स. तो मळ नव्हे. बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्याची ही बाहेर दिसणारी खूण असते आणि वजन वाढलेल्या मुलांत जास्त आढळते. रक्तातली साखर तपासून घ्या. मूळ कारण सुधारलं की त्वचाही हळूहळू उजळते, वरून लावलेल्या क्रीमने नाही.

१०. बाळाच्या कमरेवर निळे डाग आहेत. पाळणाघरातल्या बाईंना मारहाणीची शंका आली. आता काय करू?

हे जन्मतः असणारे निळसर-राखाडी डाग गडद त्वचेच्या बाळांत अतिशय सामान्य आहेत. रंगपेशी त्वचेच्या खोल थरात अडकून राहिल्यामुळे ते निळे दिसतात. बहुतेक बालपणातच पुसट होतात, उपचार लागत नाही.

मुका मार आणि हा डाग यांतला फरक काळ सांगतो. माराचा डाग दुखतो, काही दिवसांत रंग बदलून नाहीसा होतो. हा महिनोन्महिने तसाच. जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीतच त्याची जागा आणि आकार बाळाच्या कागदपत्रांत नोंदवून घ्या, म्हणजे पुढे कुणालाच खुलासे द्यावे लागत नाहीत. बाईंनी शंका घेतली याचा मात्र राग धरू नका, मुलांना सांभाळणाऱ्याने सावध असणं चांगलंच. डाग छाती-पोटावरही खूप पसरलेले असतील आणि बाळाची वाढ मागे पडत असेल, तर काही दुर्मीळ चयापचय-विकारांची तपासणी करावी लागते.

११. जन्मतःच पुळ्या होत्या, त्या फुटून काळे ठिपके राहिले. जंतुसंसर्ग होता का?

बाळ छान दूध पीत असेल, ताप नसेल, तर बहुधा नाही. गडद त्वचेच्या नवजात बाळांत ही तात्पुरती अवस्था जास्त दिसते. ठिपके काही आठवडे-महिन्यांत जातात. बाळ मलूल असेल तर मात्र पुळी छोटी की मोठी हे बघत बसू नका, लगेच दाखवा.

१२. सावळ्या बाळाची कावीळ दिसते कशी?

त्वचेवर नीट दिसत नाही, आणि त्वचा दाबून पिवळेपणा बघण्याची पद्धतही इथे फसवते. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, ओठांची आतली बाजू दिवसाच्या उजेडात बघा. शंका आली तर 'थोडं पिवळं वाटतंय' एवढ्यावर न थांबता बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) मोजायला सांगा. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, दूध न ओढणारं किंवा सतत झोपाळलेलं बाळ यांना तातडीने दाखवा. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली किंवा शी पांढुरकी होत असली तरी तपासणी टाळू नका.

१३. डोक्यात कोंडा आहे आणि एका जागी केस तुटलेत. शाम्पूने जाईल का?

शाळकरी मुलाला कोंडा, सोबत केस तुटलेली जागा, काळे ठिपके, मानेमागे गाठी, असं असेल तर ते डोक्यातलं गजकर्ण समजून चाला. बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते, तिथे मलम किंवा शाम्पू पोचत नाही. तोंडाने घ्यायचं औषध काही आठवडे लागतं. बुरशीनाशक शाम्पू फक्त पसरणं कमी करतो. पू भरलेली, मऊ, दुखरी सूज आली तर ती फोडू किंवा चिरू देऊ नका. तीही बुरशीचीच प्रतिक्रिया असते आणि उशीर झाला तर तिथले केस कायमचे जातात.

कोंडा नाही, पण कपाळाजवळचे आणि कानाशेजारचे केस विरळ होत आहेत? मग घट्ट वेण्या किंवा बांधणी सैल करा. बांधताना मूल कळवळत असेल तर ती घट्टच आहे. वेळीच थांबलं तर केस परत येतात.

१४. काळ्या त्वचेला सनस्क्रीन लागतं का?

लागतं, कारण थोडं वेगळं. अतिशय गडद त्वचेचं नैसर्गिक संरक्षण प्रयोगशाळेत एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचं माप) १३ च्या आसपास मोजलं गेलं आहे. म्हणजे कवच आहे, पण अभेद्य नाही. कोडाच्या डागांवर तर तेही नाही. शिवाय जुने डाग नुसत्या दृश्य प्रकाशानेही गडद होतात, आणि तो प्रकाश आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीनच अडवू शकतं. त्याचा पांढरट थरही दिसत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली आणि कपडे हेच सनस्क्रीन.

गडद त्वचेत ड जीवनसत्त्व बनायला ऊन जास्त वेळ लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळांना रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. त्यासाठी बाळाला उन्हात भाजून काढायची गरज नाही.

१५. रंग उजळवणारं एखादं सुरक्षित क्रीम मुलांसाठी सांगाल का?

नाही. मुलाचा रंग हा आजार नाही. अशा क्रीममध्ये तीव्र स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन (रंग उतरवणारं रसायन) किंवा पारा आढळलेला आहे. पारा मूत्रपिंडाला आणि मेंदूला इजा करतो, आणि घरातल्या मोठ्यांनी लावलेल्या क्रीममधूनही तो मुलांपर्यंत पोचतो.

१६. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली आणि ती वाढतेच आहे.

जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा व्रण म्हणजे कीलॉइड. गडद त्वचेत आणि काही घराण्यांत तो जास्त. घरात कुणाला असेल तर टोचणं टाळलेलंच बरं. टोचायचंच असेल तर साधारण ११ वर्षांच्या आधी टोचलेल्या मुलांत धोका कमी दिसतो. नुसती कापून काढली तर गाठ पुष्कळदा परत येते, कधी आधीपेक्षा मोठी. गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शनं देण्यापासून उपचार सुरू होतो.

१७. अंगावर कॉफीच्या रंगाचे सपाट डाग आहेत. किती असले तर काळजी करायची?

गडद त्वचेच्या मुलांत एक-दोन डाग असणं नेहमीचं. वयात येण्याआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग असतील, काखेत बारीक ठिपके असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजारासाठी तपासणी हवी.

१८. नखावर उभी काळी रेघ आली आहे.

गडद त्वचेत अशा रेघा सामान्य आहेत आणि मुलांत त्या बहुतेक निरुपद्रवी असतात. एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, पट्टीशेजारी धरून फोटो काढून ठेवा. रेघ रुंदावली, नख चिरलं किंवा रंग शेजारच्या त्वचेवर उतरला तर पुन्हा जा. मार लागून साकळलेलं रक्त नखासोबत पुढे सरकतं, रेघ मुळापासून टिकून राहते.

१९. कोणत्या पुरळाला थांबायचं नाही?

ताप आणि पुरळ एकत्र असेल तर काचेचा पेला त्यावर दाबा. दाबूनही न जाणारे ठिपके रक्तस्रावाचे असतात, ते मेंदूज्वराच्या जंतूंमुळे असू शकतात. गडद त्वचेवर ही चाचणी चुकते, म्हणून तळहात, तळपाय, पोट, टाळू आणि पापण्यांची आतली बाजू बघा. आणि ठिपके दिसेनात, पण मूल सुस्त आहे, मान आखडली आहे, हातपाय गार पडलेत, तर ठिपक्यांची वाट बघू नका, लगेच रुग्णालय गाठा.

ओठ-जीभ निळसर किंवा राखाडी होणं म्हणजे प्राणवायू कमी पडणं. चेहऱ्यावर ते कळत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही पूर्ण विसंबू नका : २०२० मध्ये अमेरिकेत प्रौढ रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या यंत्राकडून प्राणवायूची कमतरता सुटून जाण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. आकडा चांगला आहे पण बरगड्या आत ओढल्या जात आहेत, तर बरगड्यांवर विश्वास ठेवा.

पाच दिवस ताप, चिकटा नसलेले लाल डोळे, फुटलेले ओठ, सुजलेले हातपाय : हा कावासाकी आजार असू शकतो, त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो. गडद त्वचेवर त्यातलं पुरळ इतकं पुसट दिसू शकतं की ते नाहीच असं वाटतं. गोवरातही तसंच. तिथे खोकला, वाहतं नाक, लाल डोळे आणि गालांच्या आत पांढरे ठिपके शोधा.

२०. डॉक्टरांना फोटो पाठवायचा तर कसा काढू?

खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद, फिल्टर बंद. फोन आपोआप त्वचा उजळवतो, ती सोय आधी बंद करा. एक फोटो लांबून, एक जवळून, एक बाजूच्या तिरक्या उजेडात. दुखऱ्या जागेसोबत चांगली त्वचाही फ्रेममध्ये येऊ द्या, आणि हाताला काय लागलं ते दोन ओळींत लिहा. प्रश्न १९ मधलं काही दिसत असेल तर फोटो काढण्यात वेळ घालवू नका.